रुग्णालयीन नोंदी आणि कर्करोगाचे वाढते प्रमाण : एक चिकित्सा

प्रास्ताविक :
कर्करोगाचे प्रमाण वाढत आहे, या विधानाच्या पुष्ट्यर्थ एखाद्या रुग्णालयातील काही वर्षांच्या केसपेपरवरून काढलेली टक्केवारी देण्याची पद्धत संशोधनपर लेखनात रूढ आहे. विधान खरेही असू शकेल. परंतु दिलेला पुरावा ते सिद्ध करण्यास पुरेसा आहे काय, याची चिकित्सा करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

छेदाचा अभाव :
नव्या रुग्णांचा दर काढण्यासाठी वर्षभरातील नव्या रुग्णांच्या संख्येला, ज्या लोकसंख्येतून ते आले त्या लोकसंख्येने भागावे लागते. रुग्णालयाच्या दप्तरात अंश मिळतो, छेद मिळत नाही. मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयात देशभरातून रुग्ण येतात. त्यांचा छेद कोणता मानावा? किरणोपचाराचे नवे यंत्र बसले अथवा शासकीय योजनेतून उपचार मिळू लागले, की रुग्णसंख्या वाढते. ही वाढ सेवेच्या प्रसाराची असते; ती रोगाची असेलच असे नाही.

टक्केवारीचा भ्रम :
समजा, एका रुग्णालयात वर्षभरात १०० स्त्री-रुग्ण आले. पैकी गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचे ३०, स्तनाच्या कर्करोगाचे २० व इतर ५०. काही वर्षांनी गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचे रुग्ण १५ वर आले, बाकी संख्या तशाच राहिल्या. आता एकूण रुग्ण ८५ आणि स्तनाच्या कर्करोगाचा वाटा २० वरून २३.५ टक्के होतो. एकही रुग्ण न वाढता ‘वाढ’ दिसते.

लोकसंख्येवर आधारित नोंदणी :
या उणिवेचे उत्तर आपल्याच राज्यात शोधले गेले. इंडियन कॅन्सर सोसायटीने १९६३ मध्ये मुंबईत देशातील पहिली लोकसंख्याधारित कर्करोग नोंदणी सुरू केली. तीत शहरातील रुग्णालये, प्रयोगशाळा व मृत्युनोंदी यांतून माहिती घेतली जाते, रहिवासी व बाहेरगावचा रुग्ण वेगळा केला जातो आणि एकच रुग्ण दोनदा मोजला जाणार नाही हे पाहिले जाते. बार्शी, परांडा व भूम तालुक्यांतील गावांसाठी १९८७ मध्ये ग्रामीण नोंदणी सुरू झाली, तेव्हा रुग्णालयाची वाट न पाहता कार्यकर्ते गावोगावी गेले. या संपर्कातून जागृती वाढली आणि गर्भाशयमुखाचा कर्करोग अधिक प्राथमिक अवस्थेत आढळू लागला. मोजण्याची क्रियाच मोजमापावर परिणाम करते, हा धडाही येथे मिळतो.

या पद्धतीलाही मर्यादा आहेत. २०२१ ची जनगणना त्या वर्षी झाली नाही. त्यामुळे २०११ नंतरचे छेद अंदाजावर उभे आहेत. शहराचे वयोमान वाढले की रुग्णही वाढतात, म्हणून वयानुसार प्रमाणित दरांचीच तुलना ग्राह्य धरावी लागते.

निष्कर्ष :
रुग्णालयीन नोंदी निरुपयोगी नाहीत. रोगाची अवस्था, उपचार, त्यांचा परिणाम आणि रुग्णालयावरील भार यांचा अभ्यास त्यांवाचून होत नाही. लोकसंख्याधारित नोंदणीचा कच्चा मालही तोच आहे. दोष नोंदींचा नसून त्यांना विचारलेल्या प्रश्नाचा आहे. जिल्ह्यात तपासणी केंद्र कोठे उघडावे, निधी कोणत्या रोगासाठी राखावा, हे निर्णय अशा आकड्यांवर होतात. ज्या गावचा रुग्ण रुग्णालयापर्यंत पोहोचलाच नाही, ते गाव या हिशेबात निरोगी ठरते. म्हणून संशोधन-मार्गदर्शकांनी विद्यार्थ्यास प्रथम विचारावे : तुमचा छेद कोणता?