परिषद-अनुदान आणि तालुक्याच्या ठिकाणचा विद्यार्थी : अरेखीय प्रकाशिकीच्या संदर्भात एक चिकित्सा

विज्ञान-परिषदांना उपस्थित राहण्यासाठी विद्यार्थ्यांना द्यावयाचे अनुदान हा संशोधन-धोरणातील गौण विषय समजला जातो. अरेखीय प्रकाशिकी व लेसर या क्षेत्रापुरता विचार केला, तरी हा समज तपासून पाहणे आवश्यक ठरते.

१९६१ मध्ये मिशिगन विद्यापीठात पीटर फ्रँकेन व त्यांच्या सहकाऱ्यांनी रुबी लेसरचा प्रकाश क्वार्ट्झच्या स्फटिकातून नेऊन त्याची कंप्रता दुप्पट होते, हे दाखविले. या प्रयोगापासून अरेखीय प्रकाशिकीचा आरंभ मानला जातो. त्याचा पुरावा असलेला छायाचित्रातील फिकट ठिपका मात्र छपाईच्या वेळी डाग समजून काढून टाकला गेला. निबंधातील बाण रिकाम्या जागेकडे निर्देश करीत राहिला. छापील पानातून प्रयोग पूर्णपणे पोहोचत नाही, याचे इतके बोलके उदाहरण क्वचितच सापडेल.

हे क्षेत्र छोट्या महाविद्यालयांना परके नाही. केडीपीसारखे स्फटिक द्रावणाच्या मंद बाष्पीभवनाने साध्या प्रयोगशाळेतही वाढविता येतात. परंतु त्यांची कंप्रता-द्विगुणनाची क्षमता मोजण्यासाठी लागणारा शक्तिशाली लेसर तेथे सहसा नसतो. नमुना मोठ्या संस्थेकडे पाठविला जातो व आकडा परत येतो. स्फटिकाला प्रवास घडतो. तो वाढविणाऱ्या विद्यार्थ्याला घडत नाही.

विज्ञान व अभियांत्रिकी संशोधन मंडळ २०२३ च्या कायद्याने अनुसंधान नॅशनल रिसर्च फाउंडेशनमध्ये विलीन झाले. या मंडळाच्या आंतरराष्ट्रीय प्रवास योजनेचा भर परदेशातील निबंधवाचनावर होता. अशा योजनांमागे दोन गृहीतके दिसतात : विद्यार्थ्याचा निबंध आधीच स्वीकारला गेलेला आहे आणि खर्च प्रथम करून प्रतिपूर्तीची वाट पाहण्याइतकी त्याची ऐपत आहे. शिरूर वा दौंड परिसरातील शेतकरी कुटुंबातून आलेल्या पदव्युत्तर विद्यार्थ्याबाबत ही दोन्ही गृहीतके बहुधा फोल ठरतात. त्याची गरज परदेशवारीची नसून इंडियन लेसर असोसिएशनच्या नॅशनल लेसर सिम्पोजियमसारख्या देशांतर्गत परिषदेची आहे. असोसिएशन ज्या संस्थेशी निगडित आहे, ते राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्र इंदूरला आहे. दौंडहून तेथे थेट रेल्वेगाडी जाते. शिरूरला रेल्वे नाही; तेथील विद्यार्थ्यास प्रथम एस.टी.ने पुणे वा दौंड गाठावे लागते. तरीही अडथळा अंतराचा नाही, आगाऊ रकमेचा आहे.

परिषदा प्रमाणपत्रांपुरत्या उरल्या आहेत, हा आक्षेप निराधार नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१० च्या नियमावलीत परिषदेतील निबंधवाचनाला गुण मिळू लागले, तेव्हापासून अध्यापकवर्गालाही हा अनुभव परिचित आहे. परंतु अध्यापकांच्या गुणमोजणीतून उद्भवलेल्या दोषाचा दंड विद्यार्थ्यांना का व्हावा? पदोन्नतीचे गुण ज्याला मिळवायचे नाहीत, त्याच्याकडे परिषदेस जाण्याचे शुद्ध कारण असण्याचा संभव अधिक. विद्यार्थ्याचे काम अपरिपक्वच असते, हेही खरे नव्हे. डोना स्ट्रिकलंड यांना २०१८ मध्ये ज्या कार्यासाठी नोबेल पारितोषिक विभागून मिळाले, त्यावरील १९८५ चा निबंध त्यांनी पीएच.डी.च्या विद्यार्थिनी असताना लिहिला होता.

सारांश, महाविद्यालयाने आपल्या निधीतून नोंदणी-शुल्क व प्रवासखर्च आगाऊ द्यावा आणि निबंधाची पूर्वअट काढून टाकावी. तिच्या जागी परतल्यानंतरची अट असावी : विद्यार्थ्याने पाहिलेले तंत्र वर्गासमोर मांडावे आणि त्यातील शक्य तेवढे प्रयोगशाळेत करून दाखवावे. प्रमाणपत्रापेक्षा ही कसोटी अधिक कठोर आहे.