'पार्क पोबेदी' स्थानक: रचना व युद्धस्मृती

मॉस्को येथील 'पार्क पोबेदी', अर्थात विजयोद्यान, हे भूमिगत रेल्वेस्थानक ६ मे २००३ रोजी खुले झाले. सुमारे ८४ मीटर खोलीवरील या स्थानकात दोन समांतर दालने असून त्यांच्या टोकांशी झुराब त्सेरेतेली यांची मीनाकारीची भित्तिचित्रे आहेत: एक १८१२ च्या नेपोलियनविरोधी युद्धाचे, दुसरे १९४५ च्या विजयाचे. दोन्ही युद्धांस एकाच परंपरेत गोवणे हे या योजनेचे यश होय. परंतु येथे युद्ध केवळ विजयरूपानेच उरते. १९३८ चे 'मायाकोव्स्काया' स्थानक युद्धस्मारक म्हणून बांधलेले नव्हते; तथापि १९४१ मधील बाँबहल्ल्यांत नागरिकांनी तेथेच आश्रय घेतला. तेथील खोली लोकांस आसरा ठरली. येथील खोली केवळ भव्यतेची साधन झाली आहे. नागरिकांनी सोसलेल्या भयास या रचनेत स्थान मिळालेले नाही, हेच तिचे मुख्य न्यून होय.