निरोपाचे इंग्रजी शब्द

इंग्रज मनुष्य 'सी यू लेटर' म्हणून निघून जातो, आणि इंग्रजी नव्याने शिकलेला परका मनुष्य तो आता केव्हा भेटणार म्हणून वाट पाहत बसतो. हा विनोद जुना झाला. परंतु त्याच्या पोटातील प्रश्न अद्यापि जुना झालेला नाही. बोलणाऱ्याच्या मनातही नसलेली गोष्ट त्याच्या शब्दांचा अर्थ म्हणून सांगावी काय?

व्युत्पत्तीवर विसंबणाऱ्यांना याचे उत्तर सोपे वाटते. 'गुड-बाय' म्हणजे 'गॉड बी विथ यी', ईश्वर तुमची सोबत करो. हा आशीर्वाद झिजत झिजत एका शब्दाएवढा उरला, आणि 'गुड डे', 'गुड नाइट' यांच्या संगतीने त्यातील 'गॉड'चा 'गुड' झाला. 'फेअरवेल'मधील 'फेअर' म्हणजे प्रवास करणे. सुखरूप जा, एवढाच त्याचा मूळ आशय. ही माहिती खरी आहे. पण तिच्या बळावर, 'गुड-बाय' म्हणणारा प्रत्येक इंग्रज नकळत प्रार्थनाच करीत असतो असे जे सांगण्यात येते, ते निखालस भाबडेपणाचे आहे. शेक्सपिअरच्या 'ॲज यू लाइक इट'मध्ये, तिसऱ्या अंकात, जेकीस ऑर्लँडोला ईश्वराच्या हवाली करतो आणि त्याच दमात आपली गाठ होता होईल तो कमी पडावी अशी इच्छा प्रकट करतो! १६२३ च्या फोलिओत तेथे 'गॉड बाय यू' असे छापलेले आहे. देव अजून शब्दात शिल्लक आहे. प्रार्थना मात्र केव्हाच उडून गेली आहे.

मग हे शब्द निरर्थक म्हणावयाचे काय? ऑग्डेन व रिचर्ड्स यांच्या 'द मीनिंग ऑफ मीनिंग' या १९२३ सालच्या ग्रंथास मॅलिनोव्स्कीने जो पुरवणी-निबंध जोडला, त्यात त्याने अशा बोलण्याचे कार्य विचार कळविणे हे नसून माणसांमाणसांतील बंध राखणे हे आहे असे प्रतिपादिले. हे बव्हंशी मान्य करावे लागते. 'सी यू लेटर'मध्ये वेळेचा करार नाही. आपल्यामध्ये काही बिघडलेले नाही, एवढी ग्वाही आहे. ती न देता कोणी उठून गेला, म्हणजे तिची किंमत कळते.

तरीही या मताने एक गोष्ट उलगडत नाही. बोथट झालेला शब्द पुन्हा धार कशी धरतो? वॉल्ट व्हिटमनने 'लीव्ह्ज ऑफ ग्रास'च्या १८६० च्या आवृत्तीचा शेवट 'सो लाँग!' या कवितेने केला. हा शब्द खलाशांच्या व तसल्याच लोकांच्या तोंडचा, शिष्टांच्या दिवाणखान्यातला नव्हे. पण देह सोडून जाणारा कवी वाचकाचा निरोप घेताना तोच उच्चारतो, आणि तो शब्द एकाएकी मृत्यूचा भार पेलू लागतो. 'फेअरवेल' योजला असता तर ती नुसती वक्तृत्वाची ऐट झाली असती.

आमच्या भाषांतरकारांची अडचण येथेच आहे. 'गुड-बाय'च्या जागी 'ईश्वर तुमचे रक्षण करो' घालणारा भाषांतरकार कोशाला जागतो आणि पात्राला बुडवितो. कचेरीतून घरी निघालेला कारकून असे कधी बोलेल काय? तेथे 'बरं आहे, येतो' हेच योग्य. मराठीत घरातून निघणारा 'जातो' म्हणत नाही, कारण त्या शब्दावर मरणाची सावली आहे. व्हिटमनच्या त्या कवितेच्या अंतिम पाठात तर आपण कदाचित पुन्हा परत येऊ असेही कवी सुचवितो. तेव्हा तिचे मराठी शीर्षक 'अखेरचा निरोप' असे न करता नुसते 'येतो!' असे करावे.