पाखरू स्पष्ट, पवई धूसर

आपल्या उपनगरांतलं हौशी छायाचित्रण तंत्राच्या बाबतीत आजच्याइतकं सरस कधीच नव्हतं. खंड्याच्या पंखांवरची निळाई, त्याच्या चोचीतल्या माशाच्या खवल्यांसकट, आता कुणाही चिकाटीच्या हौशी माणसाला साधते. पक्ष्याचा डोळा आपणहून शोधून त्यावर फोकस धरणारे कॅमेरे आले, १५० ते ६०० मिलिमीटरच्या लेन्स नोकरदाराच्या आवाक्यात आल्या आणि हललेला फोटो जवळजवळ नाहीसा झाला. तरीही पवई तलावावर काढलेले असे फोटो ओळीने पाहत गेलं, की एक उणीव खुपत राहते. खंड्या पवईचा आहे की भरतपूरचा, हे फोटोवरून सांगता येत नाही. मागे नुसता हिरवा-तपकिरी रंग पसरलेला असतो. मागचं सगळं पुसलं जाणं हा मुळात लांब लेन्सचा गुणधर्म. आता तीच कलेची खूण मानली जाते आणि इथेच आपली वाट चुकते आहे, असं मला वाटतं.

जे पुसलं जातं ते काय आहे? पवई तलाव निसर्गाने दिलेला नाही. मुंबईच्या पाण्यासाठी १८९१च्या सुमारास बांध घालून तो तयार केला आणि पाणी पिण्याजोगं ठरलं नाही म्हणून ती योजना लवकरच सोडून द्यावी लागली. विहार १८६०चा, तुळशी १८७९चा. विहार आणि पवईच्या सांडव्यांतून पुढे मिठी नदी वाहते. म्हणजे बांध ही स्वतःच सव्वाशेहून जास्त वर्षांची वास्तू आहे. ऐतिहासिक वास्तूंचे फोटो काढायला लोक पवईहून छत्रपती संभाजीनगरपर्यंत (पूर्वीचं औरंगाबाद) जातात, पण या बांधाकडे वास्तू म्हणून पाहिलेला फोटो क्वचितच दिसतो.

पाण्यावरची जलपर्णी पाहा. कमळपक्षी लांब बोटांवर तोल सांभाळत तिच्यावरून चालतो, जांभळी पाणकोंबडी तिच्या आडोशाला वावरते. आणि सांडपाण्यावर पोसलेली हीच जलपर्णी तलावाचा श्वास कोंडते. पवईच्या छायाचित्रकाराला याहून मोठा विषय कुठे मिळणार? पण फोटोत कमळपक्षी तेवढा उरतो, चौकट कापून जवळ ओढलेला. २०२२च्या मे महिन्यात मुंबई उच्च न्यायालयाने तलावाकाठच्या सायकल ट्रॅकचं बांधकाम बेकायदा ठरवलं. आयआयटीतल्या संशोधक विद्यार्थ्यांनीही त्याविरुद्ध दाद मागितली होती. पावसाळ्यात पाणी कुठवर येत होतं, लव्हाळं कुठे होतं, बगळे कुठल्या उथळ जागी उतरत, असले प्रश्न अशा वेळी महत्त्वाचे होतात. त्यांची उत्तरं तारीख टाकलेल्या, काठ दाखवणाऱ्या साध्या फोटोंतून मिळतात. डोळ्यातली चमक दाखवणारा फोटो इथे मुका असतो.

हौशी माणसांनी याहून वेगळं काम केल्याचा इतिहास याच शहरात आहे. फोटोग्राफिक सोसायटी ऑफ बॉम्बे १८५४ साली स्थापन झाली. डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू नारायण दाजी पेशाने डॉक्टर, पण छायाचित्रणातही रमलेले. जॉन्सन आणि हेंडरसन यांनी १८५६पासून मुंबईत जो छायाचित्रांचा अल्बम काढला, त्याच्या नावातच हौशी छायाचित्रकारांचा उल्लेख होता. मेजर रॉबर्ट गिल अजिंठ्याची चित्रं रंगवून उतरवायला आला आणि पुढे कॅमेऱ्याकडे वळला. १८६४ साली वास्तुकलेचे अभ्यासक जेम्स फर्ग्युसन यांच्या मजकुरासह त्याची लेण्यांची ७४ छायाचित्रं पुस्तकरूपाने आली. त्याने रंगवलेल्या बहुतेक नकला १८६६मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत गेल्या. म्हणून या फोटोंचं मोल मला जास्तच वाटतं.

आजच्या वास्तूंच्या फोटोंवर माझा आक्षेप अधिक कडक आहे. कान्हेरीच्या तिसऱ्या लेण्याच्या ओसरीत दोन टोकांना सुमारे सात मीटर उंचीचे बुद्ध उभे आहेत. त्यांचा फोटो सगळे एकाच जागेवरून घेतात, आणि मग माणसं खोडून, आकाश गडद करून तो सजवतात. अंधेरीच्या महाकाली लेण्यांना इमारतींनी चहूकडून वेढलं आहे, तर फोटो काढणारा इमारत दिसणार नाही असा कोन शोधतो. बोरिवलीला मंडपेश्वरच्या शैव लेण्याच्या डोक्यावर पोर्तुगीज काळातल्या बांधकामाचे अवशेष आहेत. तिथे दोन्ही एका चौकटीत घेण्यात सगळं मर्म आहे, आणि नेमकं तेच टाळलं जातं. जवळच एकसरचे वीरगळ आहेत. त्यांवर जहाजांची लढाई कोरलेली आहे. समोरून फ्लॅश मारला की ती सपाट होते. कोरीवकामाला तिरपा उजेड लागतो, आणि तो मिळेपर्यंत थांबणं हाच या कलेतला निम्मा अभ्यास आहे.

पक्ष्यांच्या बाजूने एक सुधारणा मनापासून नोंदवावीशी वाटते. छायाचित्रकार लोथर यांचं भारतातल्या पक्षी-छायाचित्रणावरचं पुस्तक १९४९चं. त्या काळी जड कॅमेरा आणि मंद फिल्म घेऊन आडोशात बसायचं, तर पक्षी हमखास परतेल अशी जागा म्हणजे घरटं. आज ती अडचण उरली नाही, आणि घरट्याचे फोटो नाकारणाऱ्या स्पर्धा व नियतकालिकं वाढली, हे फार चांगलं झालं. मोबाइलवर आवाज वाजवून पक्ष्याला फसवून समोर आणण्याची खोड मात्र अजून पुरती गेलेली नाही. ती जायलाच हवी. विणीच्या दिवसांत त्या आवाजामागे धावणारा नर आपलं क्षेत्र राखण्यात नाहक दमतो. आपल्या फोटोंबरोबर जागा, तारीख आणि पक्ष्यांची संख्या ई-बर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर नोंदवणारे तरुणही आता भेटतात. त्यांच्या यादीत तांबट आणि दयाळ यांनाही मान असतो. घुबडाची ढोली मात्र ते कुणाला सांगत नाहीत, आणि ते बरोबरच आहे.

वास्तू आणि पक्षी हे दोन छंद वेगळे ठेवण्याचं खरं तर काही कारण नाही. डस्की क्रॅग मार्टिन हा काळपट, पाकोळीसारखा दिसणारा चिमुकला पक्षीच पाहा. कड्याच्या वळचणीला चिखलाची वाटी चिकटवून घरटं करणारा हा पक्षी उंच इमारतींच्या छज्ज्यांखालीही तेच करतो. लेण्याचा कातळ आणि पवईतल्या हिरानंदानी वसाहतीतले खांब-कमानींचे मनोरे हे दोन्ही त्याला कडेच. घरट्यापाशी न जाता, उडत्या पक्ष्यासह कातळ किंवा मनोरा दाखवायचा, तर छोट्या लेन्सने, लांबून, पुष्कळ जागा सोडून फोटो घ्यावा लागेल. चौकटीत पक्षी तिळाएवढा येईल. मोबाइलच्या पडद्यावर तो दिसणारही नाही, आणि सगळे जवळ ओढलेल्या फोटोंच्या मागे का लागले याचं मोठं कारण हा पडदाच आहे. असे फोटो तीन-चार फुटी कागदावर छापून भिंतीवर लावावे लागतात. पवईत, मुलुंडमध्ये, बोरिवलीत नाट्यगृहांच्या आणि ग्रंथालयांच्या भिंती आहेत. हौशी मंडळांनी वर्षातली एक स्पर्धा कमी करून तो खर्च छपाईवर करावा.