खोलीच्या आकड्यांची भूल

सुटीच्या दिवशी शेतातून धातुशोधक यंत्र फिरवीत जुनी नाणी धुंडाळायची, हा इंग्लंडमधील हजारो लोकांचा छंद आहे. या छांदिष्टांसाठी निरनिराळ्या यंत्रांची तुलना करणारी कोष्टके छापली जातात. ती वाचताना विज्ञानाच्या शिक्षकाचा हात लाल पेन्सिलीकडे जावा, असे त्यांत बरेच काही असते.

पहिली खूण खोलीच्या रकान्यावर. एक यंत्र 25 सेंटिमीटरवरचे नाणे ओळखते, दुसरे 28 सेंटिमीटरवरचे. म्हणून दुसरे श्रेष्ठ, आणि अर्थात महागही! मुळात काय घडते ते पाहू. वेटोळ्यातून बदलता प्रवाह वाहतो, त्याच्या चुंबकीय क्षेत्रामुळे नाण्यात भोवरी प्रवाह उत्पन्न होतात आणि त्यांचे क्षीण क्षेत्र यंत्र टिपते. वेटोळ्याच्या आकाराच्या मानाने दूर गेल्यावर क्षेत्र अंतराच्या घनाच्या व्यस्त प्रमाणात घटते. जाताना घन, परतताना पुन्हा घन. म्हणजे अंतर दुप्पट झाले की संकेत 64 पटींनी कमी होतो. उलट, यंत्राची संवेदनक्षमता दुप्पट केली तरी खोली वाढते जेमतेम 12 टक्के. 25 चे 28 झाले ते असे! नाणे थोडे तिरके पडले असेल तर एवढा फरक सहज पुसला जातो.

त्यात हे आकडे पुष्कळदा हवेत नाणे हलवून घेतलेले असतात. नदीच्या वाळूत चुंबक फिरवला की काळे कण चिकटतात, हे आपली मुले जाणतात. असे लोहखनिज मातीत असले की मातीही संकेत देऊ लागते. समुद्रकाठची खारी ओली वाळू विद्युतवाहक असल्याने निराळाच गोंधळ घालते. तेथे प्रवाहाचे झटके देऊन मधल्या शांततेत कानोसा घेणारी यंत्रे चांगली चालतात, पण खिळा कोणता नि चांदी कोणती हे त्यांना नीटसे सांगता येत नाही. दोन्ही प्रकारांना एकाच यादीत क्रमांक देणे म्हणजे बैलगाडी आणि होडी यांची शर्यत लावणे होय.

‘धातू ओळखण्याची क्षमता : उत्तम’ हा शेराही आम्हांस पटत नाही. भोवरी प्रवाह किती मागे रेंगाळतो, यावरून यंत्र अंदाज बांधते. परंतु हे रेंगाळणे धातूच्या वाहकतेवर, तसेच वस्तूच्या आकारावर आणि जाडीवरही अवलंबून असते. समीकरण एक आणि अज्ञात राशी अनेक! त्यामुळे सोन्याची लहान अंगठी आणि शीतपेयाच्या डब्याची ॲल्युमिनियमची कडी यांचे वाचन सारखे येऊ शकते. कचरा टाळायला निघालेला माणूस सोनेही टाळतो.

2009 साली स्टॅफर्डशायरमधील एका शेतात टेरी हर्बर्ट यांना अँग्लो-सॅक्सन काळातील सुमारे 4 किलो सोने सापडले, ते एका जुन्या यंत्राने. त्याआधी 1992 मध्ये सफोक परगण्यातील हॉक्सन येथे एरिक लॉज मित्राची हरवलेली हातोडी शोधत होते. रोमन नाणी लागताच त्यांनी खणणे थांबवून खबर दिली. पुरातत्त्वज्ञांनी उरलेला ठेवा जागच्या जागी उकलला, म्हणूनच पेटीत कोणती वस्तू कोठे ठेवलेली होती हे कळू शकले.

तुलना करायचीच तर एकाच शेतात नाणी व खिळे ठराविक खोलीवर पुरावेत, जागा शोधणाऱ्यास सांगू नये, आणि हुकलेल्या नाण्यांबरोबर फुकट खणलेले खड्डेही मोजावेत. हा रकाना मात्र आम्हांला कोठे दिसला नाही.