मास्तरची वही आणि खेळाडूंचं बोलणं

टेबलाभोवती पाच-सहा जणांनी मिळून रचलेली गोष्ट पुस्तकात जाते, तेव्हा तिथे कुणाचा आवाज उरतो? खेळांवरून झालेली पुस्तकं मी हा एक प्रश्न मनात धरून वाचतो, आणि बरीचशी तिथेच कमी पडतात.

अंधेरीपासून बोरिवलीपर्यंत आणि घाटकोपरपासून मुलुंडपर्यंत टेबलटॉप रोलप्लेइंग खेळणारे गट आता आहेत. कुणी बोर्डगेम कॅफेत जमतात, कुणी घरचे गावी गेले की हॉलमध्ये बैठक मारतात. एक जण डंजन मास्टर, म्हणजे डीएम. तो जग उभं करतो, संकटं आणतो. बाकीच्यांकडे प्रत्येकी एक पात्र. पात्र काय करणार हे खेळाडू बोलून सांगतो आणि ते साधलं की फसलं हे वीस बाजूंचा फासा ठरवतो. अशी गोष्ट महिनोन्‌महिने चालते, तिला कॅम्पेन, म्हणजे मोहीम, म्हणतात. ती संपली की गटातल्या कुणाला तरी हमखास वाटतं, याचं पुस्तक व्हायला हवं. ही इच्छा मला मोलाची वाटते. पाच माणसांनी इतका वेळ एकमेकांचं मन लावून ऐकलं, त्याची नोंद राहायलाच हवी. ती कशी ठेवायची हा खरा प्रश्न आहे.

गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' हा खेळ, म्हणजे डी अँड डी, 1974 मध्ये आला. चारच वर्षांनी, 1978 मध्ये, आंद्रे नॉर्टन यांची 'क्वॅग कीप' ही त्या खेळावरची कादंबरी निघाली. तिच्यातल्या पात्रांच्या मनगटावर फासे जडवलेली कडी आहेत आणि संकट आलं की ते फासे फिरतात. कल्पना धीट आहे, पण कागदावर फिरणारा फासा वाचकाच्या छातीत धडधड उठवत नाही. टेबलावर ती धडधड होते कारण निकाल कुणालाच ठाऊक नसतो. पुस्तकात तो लेखकाला ठाऊक आहे, हे वाचकही जाणून असतो.

1984 पासून आलेल्या मार्गारेट वाइस आणि ट्रेसी हिकमन यांच्या 'ड्रॅगनलान्स' कादंबऱ्या अतोनात खपल्या. तरी पहिला भाग वाचताना आपण खेळाच्या नकाशावरून खोली-खोलीने फिरवले जातो. पुढच्या भागांत नकाशा मागे पडतो, माणसांमधले ताण कथा चालवू लागतात आणि पुस्तक जिवंत होतं. 'द एक्स्पान्स' या मालिकेचं मूळही टाय फ्रँक यांनी चालवलेल्या एका खेळात आहे. 2011 च्या पहिल्या कादंबरीत शेड नावाचा एक साधा माणूस बोलता बोलता अचानक मरतो. तो खेळाडू खेळ सोडून गेला होता, म्हणून पात्र गेलं. कारण टेबलावरचं, पण मृत्यू खऱ्या मृत्यूसारखा, कसलीही पूर्वसूचना न देता येतो. खेळातला अपघात कादंबरीत कसा मुरवावा, याचं याहून चांगलं उदाहरण मला माहीत नाही.

सगळ्यांत शहाणा मार्ग मात्र जपान्यांनी काढला. 'कॉम्प्टिक' या मासिकात 1986 पासून 'रेकॉर्ड ऑफ लोडोस वॉर' या कॅम्पेनचं 'रिप्ले' छापून येऊ लागलं. रिप्ले म्हणजे टेबलावरचा संवाद, नाटकासारखा नावानिशी मांडलेला. कोण काय म्हणालं, फासा किती पडला, त्यावर डीएमने काय उत्तर दिलं, सगळं त्यात. डीएम होते र्यो मिझुनो. त्यातली डीडलिट ही एल्फ मुलगी पुढे ॲनिमेमुळे जगभर पोचली. टेबलावर तिचं पात्र खेळत होते हिरोशी यामामोतो, म्हणजे एक पुरुष विज्ञानकथाकार. मिझुनोंची कादंबरी त्यानंतर, 1988 मध्ये आली. आधी बोलणं छापलं, मग त्यातून कादंबरी घडवली. हा क्रम मला फार महत्त्वाचा वाटतो. कादंबरी एकाची झाली तरी मूळ गोष्ट कुणाकुणाची होती याचा छापील पुरावा मागे राहिला, आणि रिप्ले हा तिकडे वाचनाचा स्वतंत्र प्रकार झाला.

अनेकांचं बोलणं कागदावर कसं टिकवायचं, हा पेच मराठीला नवा नाही. सांगलीला चिंतामणराव पटवर्धनांच्या आश्रयाने विष्णुदास भाव्यांनी 1843 मध्ये 'सीतास्वयंवर' उभं केलं. त्या नाटकांना आजच्यासारखी लिखित संहिता नव्हती. सूत्रधार पदं गायचा, कथा पुढे न्यायचा, आणि पदाचा आशय धरून पात्रं आपापली भाषणं आयत्या वेळी करायची. सूत्रधार हा डीएमच होता, असं म्हणायला मी कचरणार नाही. भाव्यांनी 1885 मध्ये 'नाट्यकवितासंग्रह' छापला, तो पदांचा. म्हणजे सूत्रधाराच्या हातातलं होतं ते टिकलं. परशुरामाच्या संतापाला रामाने एखाद्या रात्री काय उत्तर दिलं, कुठल्या राक्षसाने आयत्या वेळी कुठला शब्द फेकला, ते गेलं. दरम्यान 1861 मध्ये विनायक जनार्दन कीर्तने यांचं 'थोरले माधवराव पेशवे' छापून आलं, बुकिश नाटकांचा काळ सुरू झाला आणि नट लेखकाची वाक्यं पाठ करू लागले. रंगभूमीला त्याचा लाभ झाला, हे खरंच आहे. पण दहा जणांनी मिळून बोलत रचलेली मराठी कशी होती, हे आज आपल्याला वाचता येत नाही.

तळकोकणातल्या दशावताराने मात्र ती रीत सोडली नाही. मोचेमाडकर, वालावलकर, आरोलकर, पार्सेकर, चेंदवणकर अशा मंडळ्यांत खेळाआधी, तोंडाला रंग लावता लावता, आख्यानाचा सांगाडा ठरतो. बाकी सगळं रंगमंचावर. राजा आणि राक्षस यांची शब्दांची झुंज कितीही लांबू शकते, आणि पेटी-मृदंगवाल्यांनाही त्यांच्या कलाने जावं लागतं. गिरण्यांच्या निमित्ताने मुंबईत आलेली आणि पुढे भांडुप, मुलुंड, दहिसरकडे सरकलेली मालवणी कुटुंबं हा खेळ ओळखतात. त्यांच्या नातवंडांपैकी कुणी आज वीस बाजूंचा फासा टाकत असेल, तर त्याच्या घरात या कलेचं शिक्षण आधीपासून आहे. बोलण्याची लय कागदावर येत नाही, असंही कुणी म्हणू नये. गंगाराम गवाणकरांचं 1980 मध्ये रंगभूमीवर आलेलं 'वस्त्रहरण' घ्या. गावच्या नाटकातला गोंधळ, मध्येच तुटलेली वाक्यं, प्रेक्षकांतून आलेले टोले, सगळं त्यात लिहिलेलं आहे आणि वाचतानाही ते ऐकू येतं.

आपल्या उपनगरी गटांची अडचण दुहेरी आहे. पहिली भाषेची. खेळाचे नियम इंग्रजीत, गप्पा हिंदीत, चिडणं आणि घाबरणं मराठीत. पुस्तक करायला बसलं की सगळं एकदम अनुवादित परीकथांच्या भाषेत जातं. समजा, पात्रं कान्हेरीच्या एका विहारात दिव्याशिवाय अडकली आहेत. डीएम म्हणतो, "आत कुणीतरी श्वास घेतंय." एक जण म्हणतो, "बिबट्या असेल, गप बस." दुसरी म्हणते, "बिबट्या असता तर वास आला असता. मी पुढे जाते." फासा पडतो, तीन. "गेली ही!" आता याची कादंबरीतली ओळ करा: 'ती धैर्याने अंधारात शिरली आणि तिचा पाय घसरला.' घटना तीच, पण वासावरून केलेला तर्क गेला, गप बसवणाऱ्याची काळजी गेली, आणि सगळ्यांच्या तोंडून एकदम निघालेलं "गेली ही!" गेलं. वाचकाला हवं होतं ते एवढंच होतं.

दुसरी अडचण जागेची. मुलुंडला राहणारी मुलं युरोपातल्या दारूगुत्त्यात मोहीम सुरू करतात. कान्हेरीत शंभराहून अधिक लेणी आहेत. अंधेरीत गिल्बर्ट हिल हा सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा बसॉल्टचा सुळका इमारतींच्या मधोमध उभा आहे आणि त्याच्या माथ्यावर गावदेवीचं देऊळ आहे. एवढं जग दाराशी असताना उसना किल्ला कशाला? मिमी मंडल यांनी 'जर्नीज थ्रू द रेडिएंट सिटाडेल' या 2022 च्या अधिकृत डी अँड डी पुस्तकात बंगालच्या मातीतली मोहीम लिहिली. ती जगभरच्या टेबलांवर पोचली. मराठीत हे काम अजून रुजलेलं नाही, आणि याची मला खंत आहे.

रिप्लेचा मार्ग सोपा मात्र नाही. चार तासांच्या बैठकीचं ध्वनिमुद्रण शब्दशः उतरवलं तर पंचवीस-तीस हजार शब्द सहज होतात आणि त्यातले बरेचसे नियमांच्या वादाचे, चहाचे, उशिरा आलेल्याच्या ट्रेनचे असतात. निवड करावीच लागते. माझं मत असं, की ती डीएमने एकट्याने करू नये. त्याला स्वतःचे बेत प्रिय असतात. मोडलेले बेत तो नकळत दुरुस्त करून लिहितो. अशाने पुन्हा मास्तरची वहीच छापली जाते. गटातला जो खेळाडू सर्वांत कमी बोलला असेल, त्याच्या हाती पहिली कात्री द्यावी.

हक्कांचा प्रश्नही याच्याशीच जोडलेला आहे. 1957 च्या कॉपीराइट कायद्यात संयुक्त कर्तृत्वाची व्याख्या आहे: ज्या कृतीत एकाचा वाटा दुसऱ्याच्या वाट्यापासून वेगळा काढता येत नाही, ती दोघांची. कॅम्पेनचं वर्णन इतक्या नेमकेपणाने दुसऱ्या कुठल्या कायद्यात सापडणार नाही. म्हणून मोहिमेच्या सुरुवातीलाच सर्वांच्या सह्यांचा एक साधा कागद करून ठेवावा. डी अँड डीचे मूळ नियम असलेला एसआरडी 5.1 हा दस्तऐवज जानेवारी 2023 पासून क्रिएटिव्ह कॉमन्सखाली मोकळा आहे, त्यामुळे श्रेय देऊन ते वापरता येतात. डी अँड डी काढणाऱ्या कंपनीची जगं आणि पात्रं मात्र त्यात येत नाहीत. गिल्बर्ट हिलकडे वळायला हेही एक कारण. आयएसबीएन आपल्याकडे फुकट मिळतो आणि डिजिटल छपाईमुळे पन्नास प्रतींची आवृत्तीही काढता येते. 1954 च्या कायद्याप्रमाणे प्रकाशकाने कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयासह चार ग्रंथालयांना प्रत द्यायची असते. त्यांतलं एक मुंबईच्या टाउन हॉलमधलं मध्यवर्ती ग्रंथालय. तिथे जाणाऱ्या प्रतीच्या मुखपृष्ठावर पाचही खेळाडूंची आणि डीएमचं अशी सगळी नावं हवीत, आणि तीही अकारविल्हे.