आवलीची बाजू

लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ (१९३४-३७) ही पतिभक्तीची पोथी आहे असे मानणाऱ्यांशी माझे जमत नाही. १८९५ साली नारायण वामन टिळकांनी बाप्तिस्मा घेतला. हाक त्यांना आली. लक्ष्मीबाईंच्या वाट्याला आली ती ताटातूट, आप्तांचा आश्रय आणि लहानग्या दत्तूचा सांभाळ. त्यांना विचारून काही ठरले नव्हते. हे त्या लपवीत नाहीत, पण फिर्यादही मांडीत नाहीत. टिळकांच्या लहरी औदार्याला त्या हसतात. हे हसणे मला फार मोलाचे वाटते; कारण नुसत्या भक्तीला असे हसता येत नाही आणि नुसत्या रागाला इतके प्रेमाने हसता येत नाही.

१९०० साली त्याही ख्रिस्ती झाल्या. पतीमागून गेल्या, हे अर्धेच खरे. पुन्हा एकत्र संसार मांडल्यावरही त्यांनी सोवळे सोडले नव्हते. जातिभेद माणसाने केला, हे स्वतःच्या बुद्धीला पटले तेव्हाच सोडले. पुढे १९१७ साली टिळकांनी मिशनची नोकरी सोडून संन्यास पत्करला. १९१९ मध्ये ते गेले आणि ‘ख्रिस्तायन’ अपुरे राहिले. ते पुरे केले लक्ष्मीबाईंनीच.

ईश्वराची हाक आणि घरसंसार यांचा मेळ या पुस्तकात बसत नाही. दोन्हींचे खरेपण मात्र टिकते. तुकोबांच्या आवलीला आपण कजाग ठरवून मोकळे झालो, कारण तिची बाजू तिने लिहून ठेवलेली नाही. लक्ष्मीबाईंनी स्वतःची लिहिली.